आठ नंबरचं ठिकाण

"या वेळी नंबर आला नाही, तर ती सगळी तार भंगारात आणि शेड माझी," आयल्सा मॅकस्किमिंगने पाव भाजता भाजता नवऱ्याला सांगून टाकलं. "बावीस वर्षं गप्प बसले. आता मला तिथे चहाची टेबलं मांडायची आहेत."

मर्डोने लापशीत चमचा फिरवला. "नंबर येणार," तो म्हणाला.

"मागच्या खेपेलाही येणार होता. त्याच्या मागच्या खेपेलाही."

"या खेपेला आठवा नंबर रिकामा आहे, आयल्सा. आठवा! याला योगायोग म्हणतात."

"याला लापशी गार होणं म्हणतात. खा."

मर्डोच्या शेडमध्ये कुंपणाच्या तारांचं संग्रहालय होतं. तारेचे तीनशे चाळीस तुकडे, प्रत्येक वीतभर लांब, फळ्यांवर ओळीने ठोकलेले. प्रत्येकाखाली मर्डोच्या अक्षरातली चिठ्ठी. हा काटा दुहेरी आहे, तो तिहेरी आहे आणि त्याच्या शेजारचा दुहेरी असून तिहेरी वाटतो, अशी एकाहून एक थरारक माहिती. मधोमध, काचेच्या पेटीत, मखमलीवर, आठ नंबरची तार. आमच्या न्यूझीलंडमध्ये गेट मोडलं, गाडीचा सायलेन्सर लोंबायला लागला किंवा चष्म्याची काडी निखळली की माणूस खिशातून आठ नंबरची तार काढतो. देश तिच्यावरच उभा आहे, असं आम्ही मानतो आणि देशाकडे नीट पाहिलं तर ते पटतंही.

संग्रहालयाला बावीस वर्षांत पाहुणे आले नाहीत असं नाही. पाऊस आला की यायचे. अभिप्रायाच्या वहीत सर्वांत मोठा अभिप्राय होता, "आभारी आहोत. पाऊस थांबला."

आमचा दक्षिणेचा किनारी रस्ता मोठा निसर्गरम्य आहे, असं सरकार म्हणतं. त्यावर बघण्याच्या बारा जागा, प्रत्येकीला नंबर, नंबराला तपकिरी फलक आणि फलक असेल तिथेच बस थांबते. एक दीपस्तंभ आहे. दगड झालेलं एक जंगल आहे, ते ओहोटीलाच दिसतं. एक नायगारा आहे, तो गुडघ्याएवढा आहे. वाऱ्याने एकाच बाजूला आडवी झालेली झाडं आहेत. बाकीच्या जगात झाड वाकडं वाढलं तर तोडतात, आम्ही त्याला नंबर देतो. वाकड्या झाडांना नंबर मिळतो आणि सरळ ताणलेल्या तारेला नाही, हे मर्डोचं दुःख होतं. त्यात नवा नकाशा होणार होता आणि रस्त्याच्या ओघात सातव्या आणि नवव्या जागेच्या बरोबर मध्ये आमचं ड्रमॉक बे येत होतं.

नकाशाचं काम काउन्सिलने कॅनडातल्या एका कंपनीला दिलं. स्थानिक माणसांना सगळ्या जागा आधीच माहीत असतात, त्यामुळे ती या कामाला नालायक, असं त्यांचं म्हणणं पडलं. काउन्सिलचा आमच्या भागातला माणूस हेमी पोटिकी. त्याचा सोमवारी फोन आला.

"मर्डो, कॅनडाची बाई उद्या येतेय. थिबो नाव तिचं. ऐक, ती आधी संडासाचं विचारेल. जवळ संडास नसेल तर नंबर नाही, नवा नियम आहे."

"आहे की आपला लाँग ड्रॉप."

"मग तसा बोर्ड लाव. आणि नीट बोल. तारेवर लगेच घसरू नकोस."

लाँग ड्रॉप म्हणजे खड्ड्याचा संडास. वरून टाकलेली गोष्ट बराच वेळ खाली जात राहते, म्हणून हे नाव. ते आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणूनच ते कुणी कुणाला समजावून सांगत नाही. मर्डोचा लाँग ड्रॉप घरापासून दोनशे पावलांवर, थेट कड्याच्या टोकाला. मर्डोने जाड फळी घेतली, पांढऱ्या रंगाने हातभर अक्षरांत 'लाँग ड्रॉप' लिहिलं, समुद्राकडे बाण काढला आणि फळी गेटाला बांधली. अर्थात आठ नंबरच्या तारेने. संग्रहालयाचा बोर्ड शेजारीच होता, तो साध्या दोरीने बांधलेला होता. पहाटे वारा सुटला आणि तो बोर्ड टास्मानियाच्या दिशेने निघून गेला.

मंगळवारी पाऊस आडवा पडत होता. थिबोबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. त्यांनी काच दोन बोटं खाली केली, मांडीवर वही घेतली आणि गेटावरच्या बोर्डाकडे पेन रोखलं.

"हा लाँग ड्रॉप तुमचाच?"

आधी संडास, मर्डोने मनाशी म्हटलं. नियम म्हणजे नियम. "आमचाच. आजोबांनी खणला, एकोणीसशे एकतीस साली. हातांनी."

"हातांनी?" बाईंचं पेन भरभर चालू लागलं. "खोल किती आहे?"

"तळ दिसत नाही. दिसू नये एवढी काळजीच घेतली होती त्यांनी."

"लोक येतात?"

"पूर्वी चर्चची सहल यायची तेव्हा रांग लागायची. आता आम्ही दोघंच."

"एका वेळी किती जणांना जाता येतं?"

मर्डोने बाईंकडे नीट पाहिलं. कॅनडात काय पद्धत असेल ती असो. "एकच," तो ठामपणे म्हणाला.

"मुलांना धोका?"

"हात धरून ठेवायचा. माझा धाकटा भाऊ जरा गाफील राहिला होता. वाचला, पण त्या दिवशी त्याला कुणी जवळ घेतलं नाही."

बाईंनी हळहळून मान हलवली. "आणि दृश्य?"

"दार उघडं ठेवलं तर समोर थेट अंटार्क्टिका. मध्ये कुणीच नाही, म्हणून तर उघडं ठेवता येतं."

'दार' हे खडकातल्या खिंडीचं नाव असणार, असं समजून बाईंनी ते मोठ्या अक्षरांत लिहिलं. "जायला चांगली वेळ कुठली?"

"ज्याची त्याची. मी न्याहारीनंतर जातो. उन्हाळ्यात दुपारी मात्र मी कुणाला सुचवणार नाही."

"शेवटचा प्रश्न, मिस्टर मॅकस्किमिंग. अनुभव कसा असतो? तुमच्या शब्दांत."

इतकी सखोल चौकशी मर्डोच्या आयुष्यात कुणी केली नव्हती. त्याने खरंखरं उत्तर दिलं. "हलकं वाटतं."

बाईंचे डोळे पाणावले. "मी जिथे वाढले ना, तिथे सगळी जमीन सपाट," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे सर्वांत उंच वस्तू म्हणजे धान्याचं कोठार. मला कळतंय तुम्हाला काय म्हणायचंय."

"बरं, आता मुख्य गोष्ट," मर्डो काचेच्या फटीला तोंड लावून म्हणाला. "ती शेड..."

बाईंनी घड्याळ पाहिलं. पुढच्या गुहा ओहोटीलाच उघड्या पडतात आणि ओहोटी कुणासाठी थांबत नव्हती. "शेड लोकांसाठी खुली असते?"

"कायम! फुकट. घाई झाली की सगळे आधी तिकडेच धावतात." घाई म्हणजे पावसाने गाठल्याची, पण ते सांगायचं राहिलं. "आणि बाई, एक विनंती. नंबर आठच द्या. आठलाच अर्थ आहे."

"आठच," बाई म्हणाल्या आणि काच वर झाली.

मर्डो नाचत घरात आला. "झालं! आठ नंबर, तिने तोंडाने कबूल केलं!"

"शेड बघितली तिने?" आयल्साने विचारलं.

"बघायची गरजच पडली नाही. आपल्या बोलण्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं."

"तारेविषयी बोललास आणि डोळ्यांत पाणी आलं, हे खरं वाटतं," आयल्सा म्हणाली.

नोव्हेंबरात नकाशा आला. चकचकीत कागद, घडीचा, चाळीस हजार प्रती. मर्डोने चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. "आठ. लाँग ड्रॉप." तो थांबला. आयल्साने भांडं खाली ठेवलं.

"पुढे वाच," ती म्हणाली.

"श्वास रोखून धरायला लावणारी खोली. पहिल्या वसाहतकरांनी नुसत्या हातांनी खणलेल्या या स्थळाचा तळ आजवर कुणी पाहिलेला नाही. 'दार' नावाच्या खिंडीतून अंटार्क्टिकाच्या दिशेचं अप्रतिम दर्शन. एका वेळी एकालाच प्रवेश. न्याहारीनंतर सर्वोत्तम. मन हलकं होतं."

आयल्सा खुर्चीवर बसली. मग तिला खुर्चीवरही बसवेना. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि नकाशावर बोट ठेवलं. शेडच्या जागी एक छोटा निळा पुरुष आणि एक छोटी निळी बाई शेजारी शेजारी उभी होती. चाळीस हजार प्रतींवर, सुबक छापलेली.

"म्हणजे संडास हे प्रेक्षणीय स्थळ," ती म्हणाली, "आणि तुझं संग्रहालय हा संडास."

 मर्डोने नकाशाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "नंबर आला की नाही?"

"संडासाला आला. तारेला नाही. शेड माझी."

"आपल्या आवारात आला!"

वाद हेमीपुढे गेला. हेमीने नकाशा पाहिला आणि तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते. "नवी आवृत्ती तीन वर्षांनी," अखेर तो म्हणाला. "हवं तर मी नंबर रद्द करवतो. पण मग बसही रद्द."

"आणि माझे चीझ रोल कोण घेणार?" आयल्साने विचारलं. गेटाशी टेबल मांडायचं तिने आधीच ठरवलेलं होतं.

"उन्हाळा संपेपर्यंत असंच राहू दे," हेमीने निकाल दिला. "तोवर संग्रहालय बघायला म्हणून एक तरी माणूस आला, तर शेड मर्डोची. नाही आला, तर आयल्साची."

डिसेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्यात, तपकिरी फलक लागला आणि बस सुरू झाली. बसमधून दोन प्रकारचे लोक उतरायचे. पहिला प्रकार कॅमेरा घेऊन कड्याकडे जायचा, लाकडी खोपटाचं दार उघडायचा, आत बघायचा आणि स्तब्ध उभा राहायचा. पण वळणावळणाच्या रस्त्याने एवढं लांब आलेला माणूस आपण फसलो असं कबूल करत नाही. तो मागच्याला सांगायचा, "बघाच." मागचा त्याच्या मागच्याला सांगायचा. एकाने इंटरनेटवर लिहिलं, 'शब्दांत सांगता येत नाही.' त्याला साडेचारशे लोकांनी दुजोरा दिला.

दुसरा प्रकार पाय जुळवून घाईघाईने शेडमध्ये शिरायचा. तिथे मर्डो उभाच असायचा.

"या, या! सुरुवात इथून, अठराशे चौऱ्याहत्तरपासून."

"कुठे आहे?" हॅम्बर्गच्या एका गृहस्थांनी घाम पुसत विचारलं.

"इथेच! सगळं इथेच आहे. घाई करू नका."

"मला घाई आहे!"

"सगळे असंच म्हणतात. आधी हा दुहेरी काटा बघा."

गृहस्थांनी दुहेरी काटा पाहिला, मर्डोकडे पाहिलं आणि ते समोरच्या झाडीत दिसेनासे झाले. डिसेंबर संपेपर्यंत त्या झाडीची वाढ डोळ्यांत भरण्याजोगी झाली. पण संग्रहालय बघायला म्हणून आलेला माणूस अजून एकही नव्हता.

मर्डोची झोप उडाली. सगळं जग त्याच्या आवारात येत होतं आणि तारेला ओलांडून संडास बघायला जात होतं. शेवटी त्याने संग्रहातल्या तारांचे जास्तीचे तुकडे काढले आणि चिठ्ठ्यांसकट लाँग ड्रॉपच्या आतल्या भिंतींवर ठोकले. आधी तीन ठोकले. मग हात थांबेना, चाळीस झाले. वर पाटी लावली, 'मूळ संग्रह शेडमध्ये'. शेडमध्ये जास्त माणसं येऊ लागली, पण तीही पाय जुळवूनच. पाटीचा अर्थ लोकांनी आपापल्या गरजेप्रमाणे लावला होता.

जानेवारीत एका स्वच्छ सकाळी बसमधून थिबोबाई उतरल्या. गळ्यात मोठा कॅमेरा. पुढच्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर त्यांना आठ नंबर हवा होता.

मर्डोने महिनाभर मनात घोटलेलं भाषण घेऊन पाऊल उचललं, पण बाईंनी त्याचे दोन्ही हात धरले. "मिस्टर मॅकस्किमिंग! काही बोलू नका. आधी मला एकटीला जाऊ द्या." आणि त्या पायवाटेने निघाल्यासुद्धा.

"अगं बाई, थांबव तिला," मर्डो आयल्साला म्हणाला.

"मी कशाला? अनुभव तिच्या शब्दांत ऐकायचाय मला."

बाईंनी दार उघडलं. पायवाटेच्या वळणावरून त्यांची पाठ तेवढी दिसत होती. ती पाठ एक मिनिटभर हलली नाही. मग बसच्या तीन तासांच्या प्रवासाचा विचार करून म्हणा किंवा कसंही, त्या आत गेल्या आणि दार लागलं.

तेवढ्यात कड्याखालून एक समुद्रसिंह वर आला. हे समुद्रसिंह आमच्याकडे कुठेही येतात. हा चांगला बैलाएवढा नर होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, वारा अडवणारी जागा शोधली आणि लाँग ड्रॉपच्या दाराला पाठ टेकून अंग टाकलं. दार बाहेर उघडणारं होतं.

आतून दारावर थाप पडली. समुद्रसिंहाने जांभई दिली.

मर्डो काठी घेऊन धावला. बसबरोबर आलेल्या हेमीने त्याला कॉलर धरून थांबवलं. "वीस मीटर, मर्डो. त्याच्या जवळ जायचं नाही, हुसकायचं नाही. कायदा आहे."

"आणि बाईंसाठी कायदा नाही?"

"बाई दुर्मीळ प्राणी नाहीत."

मग वीस मीटरवरून मर्डोने ओरडून माफी मागितली. वारा उलटा होता, त्यामुळे ती माफी अख्ख्या बसने ऐकली, बाई सोडून. तासाभराने दारावरच्या थापा थांबल्या. शांतता पसरली, ती मर्डोला थापांपेक्षा भयानक वाटली. बाई कॅनडाला जाऊन काय काय लिहितील, नंबर जाईल, फलक जाईल आणि तार तर जाईलच. तो गवतावर बसला. "बावीस वर्षं, हेमी," तो म्हणाला. "एकाने, फक्त एकाने जरी विचारलं असतं ना, की हा काटा असा का वळवलाय..."

हेमीने त्याच्या हातात चीझ रोल ठेवला. अशा वेळी आमच्याकडे हेच करतात.

दोन तास दहा मिनिटांनी समुद्रसिंह उठला आणि आला तसा गेला. दार हळूच उघडलं. सगळी बस वीस मीटरवर श्वास रोखून उभी होती, नकाशात म्हटलं होतं त्याप्रमाणे. थिबोबाई बाहेर आल्या. केस विस्कटलेले, चेहरा गंभीर. त्या सरळ मर्डोसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"चौऱ्याहत्तरच्या तारेत काटा एकाच पदराभोवती गुंडाळलाय," त्या म्हणाल्या. "एकोणऐंशीच्या तारेत दोन्ही पदरांमधून ओवलाय. तो घसरू नये म्हणून ना?"

मर्डोचं तोंड उघडं राहिलं. त्यातून आधी आवाजच फुटेना. मग जो फुटला तो पाऊण तास थांबला नाही. बाई त्याच्यामागोमाग शेडमध्ये गेल्या आणि त्यांनी तीनशे चाळीस तुकडे बघितले. त्यांचे पाय जुळवलेले नव्हते. हेमी दारातून ओरडला, "आयल्सा, एक माणूस आला गं! शेड मर्डोची!"

आणि मर्डो तिथल्या तिथे म्हणाला, "नको मला शेड."

"काय?" आयल्सा म्हणाली.

"बावीस वर्षं इथे एक चिठ्ठी कुणी वाचली नाही. तिथे तिने चाळीस वाचल्या, त्याही दोन-दोनदा. चूक तारेची नव्हती, आयल्सा. मी लोकांना उभं ठेवत होतो."

फेब्रुवारीत खड्ड्यावर जाड फळी बसली आणि फळीवर गादी. सगळी तार लाँग ड्रॉपमध्ये गेली, चारी भिंती, छत आणि दाराच्या आतली बाजू भरून. आठ नंबरची तार समोर, डोळ्यांच्या पातळीवर. एका वेळी एकालाच प्रवेश. माणूस आत बसतो, वारा लागत नाही, दुसरं करण्याजोगं काही नसतं आणि तो वाचत राहतो. शेडच्या पुढच्या भागात आयल्साची टेबलं आणि मागे दोन पांढरेशुभ्र फ्लशचे संडास. नकाशाची दुरुस्ती करू का, असं थिबोबाईंनी पत्राने विचारलं होतं. मर्डोने कळवलं की नकाशात एकही चूक नाही, फक्त छपाईची जरा घाई झाली.

एवढ्या सगळ्यात तारेचं संग्रहालय एका व्यक्तीने अजून पाहिलेलं नव्हतं. एका सकाळी, बस यायच्या आधी, न्याहारीनंतर, आयल्सा एप्रन काढून कड्याकडे गेली. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. बस आली, रांग लागली, कुणीतरी दार वाजवलं. "थांबा जरा!" आतून आवाज आला. "शेवटची ओळ राहिलीय!"

ती बाहेर आली तेव्हा मर्डो रांगेच्या टोकाला हाताची घडी घालून, दुसरीकडे बघत उभा होता.

"वाईट नाही," आयल्सा म्हणाली.

आमच्या भागात कौतुकाला याच्यापुढचा शब्द नाही. आयल्साने तो याआधी मर्डोच्या बाबतीत एकदाच वापरला होता, अडतीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दिवशी. मर्डोने खिशातून रुमाल काढला आणि बराच वेळ चष्मा पुसला.

"कडी तेवढी बघ," ती जाता जाता म्हणाली. "आतून निसटतेय. तारेने बांध."